सत्तेचाळीस नंबरची पाटी

आमच्या कारखान्यात मला सगळे डिंक म्हणतात. दोन वस्तू एकमेकींना चिकटवायचं काम मी सव्वीस वर्षं करतोय, म्हणून. शिवाय मनातलं काही बोलायला गेलो की शब्द घशातच चिकटतात, हेही कारण असेल. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, पण माणूस पारखून ठेवलं.

कारखाना चकत्या बनवतो. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या जास्त, कॅल्शियमच्या थोड्या, कधीमधी लॅन्थॅनमच्या. पांढरी भुकटी पिंपातून येते, ती भट्टीत तापवून प्रचंड दाबाखाली दाबतात आणि ताटलीएवढी दुधी चकती बाहेर पडते. कागदोपत्री तिला टार्गेट म्हणतात. गिऱ्हाईक ती हवा काढून घेतलेल्या पेटीत बसवतं आणि तिच्यावर वायूच्या कणांचा मारा करतं. चकतीचे कण उडतात आणि समोरच्या भिंगांवर जाऊन बसतात. कॅमेऱ्याच्या भिंगावर तो जांभळट थर दिसतो ना, तो अशाने चढतो. शुद्धता चार नऊ लागते, म्हणजे शंभरात नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव. माणसाच्या अंगात एवढं शुद्ध काहीच नसतं, म्हणून आम्ही आठ तास हातमोजे घालून आणि नाकातोंडाला फडकं बांधून बसतो.

फ्लोराइड दिसायला घट्ट, पण स्वभावाने फार हळवं. एकदम तापलं की तडकलं, एकदम गार झालं की तडकलं. म्हणून चकतीच्या पाठीला तांब्याची पाटी जोडायची असते. पाटीमागून थंड पाणी फिरतं आणि चकतीचा जीव वाचतो. ही जोडणी करायची इंडियमने. हा मऊ पांढरा धातू, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. दीडशे अंशांच्या जरा वर गेला की वितळतो आणि लोण्यासारखा पसरतो. गिऱ्हाइकाकडे चकती झिजून संपते. पाटी मात्र आमची. ती सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दीड वर्षाने परत येते. आम्ही ती तापवतो, चकतीचा उरलेला तुकडा सरकवून काढतो, इंडियम पुसून घेतो, आणि त्याच पाटीवर नवी चकती जोडून पुन्हा पाठवतो. पाटीच्या कडेला नंबर ठोकलेला असतो. अशा एकशे बारा पाट्या सारख्या येत-जात असतात.

हे सगळं जिथे चालतं ती जोडखोली. तिथे आम्ही दोघंच असायचो. सकाळच्या पाळीला बाई, दुपारच्या पाळीला मी.

बाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं. मला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना माझी पार सालटी काढली. जोडणीत मसुराच्या दाण्याएवढा बुडबुडा राहिला तरी त्या ती सगळी उघडायला लावायच्या. इंडियम तांब्यावर नीट बसावं म्हणून आधी थरथरणारी इस्त्री फिरवून ते घासून घ्यायचं असतं, काना-कोपरा न सोडता. "जिथे इस्त्री फिरली नाही तिथे जोडणी नाही," असं त्या दिवसातून चारदा म्हणायच्या. कारखान्यात बाकीच्या बायकांना हाक मारताना बाईच्या आधी काहीतरी नाव लावायला लागायचं. ह्या नुसत्याच बाई.

पाळी बदलताना आम्ही पंधरा मिनिटं एकत्र असायचो. खोलीत दोन पंप दिवसभर घुरघुरत असत. त्यांनी बाईंचा उजवा कान कामातून घालवला होता आणि डाव्याचंही काही खरं नव्हतं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोलायला हवं, आणि मला ओरडता येत नाही. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे त्यांनी किल्ली द्यायची, मी घ्यायची. "भट्टी चालू आहे," "बरं." झालं.

लिहायला सुरुवात बाईंनी केली. माझं दुसरं वर्ष असेल. मी परत आलेल्या एका पाटीवरचं इंडियम पुसत होतो, तर कडेला सुईने कोरलेली नखाएवढी अक्षरं दिसली. 'उघडणाऱ्याने आधी हात धुवावेत.' पाटी अकरा महिन्यांपूर्वी बाईंनी जोडली होती. मी इकडेतिकडे बघितलं आणि खरोखर हात धुवून आलो. मग त्याखाली 'धुतले' असं कोरलं, नवी चकती जोडली आणि पाटी पाठवून दिली. ती नऊ महिन्यांनी परत आली तेव्हा उघडायची पाळी बाईंची होती. दुपारी किल्ली देताना त्यांच्या फडक्याच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

पुढे ह्याचे नियम ठरले, कुणी न सांगता. लिहायचं कडेला. सुईने आणि उथळ, म्हणजे इंडियम रेघेत भरतं आणि जोडणीला काही होत नाही. आपलंच लिहिलेलं आपल्या हातात आलं तर तसंच पुन्हा पाठवायचं, दुसऱ्याने वाचेपर्यंत पुसायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, पाटीवरचं तोंडाने बोलायचं नाही. उत्तर पाटीवरच.

'पंप रडतोय, तेल बदला,' असं बाईंनी एकदा लिहिलं. मी वाचेपर्यंत तो पंप भंगारात गेला होता. 'आज तुमची टोपी उलटी होती,' असं एकदा होतं. तो कुठला दिवस असेल, हे आठवण्यात माझा सबंध आठवडा गेला. मी एकदा लिहिलं, 'घरी नळ गळतो.' सव्वा वर्षाने त्याखाली 'अजून?' आलं. मी 'अजून' लिहून पाठवलं. ह्या पाच शब्दांच्या गप्पांना अडीच वर्षं लागली, आणि नळ आजही गळतो.

लोकांना हे वेडेपणाचं वाटेल. मला त्याची सवय झाली होती. मी एका खोलीत राहतो, स्वयंपाकाचा ओटा त्याच खोलीत. वहिनीने माझ्या लग्नाचा नाद मी पस्तिशीचा असतानाच सोडला. सुट्टीच्या दिवशी मी रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जातो, भाजी घेतो आणि परत येतो. एखाद्या सुट्टीत भाजीवाल्याशिवाय कुणाशीच बोलणं होत नाही. पण कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात, एका चकतीखाली, माझ्यासाठी लिहिलेलं काहीतरी पडलं आहे आणि ते आपल्याकडे यायला निघालं आहे, हे मला माहीत असायचं. मला तेवढ्यावर भागवता येत होतं.

मग पन्नाशी आली आणि भागेना.

मी सत्तेचाळीस नंबरची पाटी निवडली. तिचं गिऱ्हाईक खादाड होतं, पाच-सहा महिन्यांत चकती फस्त करून पाटी परत पाठवायचं. शिवाय त्यांचा माल नेहमी सकाळच्या गाडीने यायचा, म्हणजे उघडणार बाई. मी सुई घेतली आणि कडेला कोरलं, 'माझ्याकडे राहायला याल का? कायमच्या.' कोरताना 'कायमच्या'मधला काना वाकडा गेला. वरून इंडियम ओतलं, चकती बसवली, वजन ठेवलं. पाटी गेली.

पाच महिन्यांनी, पाटी येण्याच्या सुमाराला, मी घरी त्याच गळक्या नळाच्या पाण्यावरून घसरलो आणि पाय मोडून घेतला. सात आठवडे पलंगावर. परत आलो तो आधी नोंदवही उघडली. सत्तेचाळीस आली होती. उघडली, साफ केली, नवी चकती जोडली, त्याच गिऱ्हाइकाकडे गेली. चारही रकान्यांत बाईंची सही होती.

म्हणजे वाचलं होतं. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी विचारलं, "पाय कसा आहे?" मी म्हणालो, "बरा आहे." त्यांनी किल्ली दिली. मग त्या जरा उभ्या राहिल्या, जायची घाई नसल्यासारख्या. मला वाटलं, माझं उत्तर त्यांना ऐकू आलं नसेल. मी पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो, "बरा आहे!" त्या गेल्या.

त्यानंतर त्या रोजच अशा उभ्या राहू लागल्या. किल्ली देऊन झाली, भट्टीचं सांगून झालं, तरी दोन मिनिटं दाराशी. मी आपला हातमोजे चढवत असायचो.

पाच-सहा महिने मी सत्तेचाळीसची वाट बघितली. ती आली नाही. आठ महिने झाले, दहा झाले. खादाड गिऱ्हाइकाला अचानक भूक राहिली नव्हती. बाकीच्या पाट्या येत होत्या, त्यांवर बाईंच्या जुन्या थट्टा होत्या, पण नव्याने जोडलेल्या पाट्या कोऱ्या येऊ लागल्या. मग मीही लिहीनासा झालो. चौदा महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या.

कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. मी दाराजवळ केकचा तुकडा हातात धरून उभा होतो. बाई सगळ्यांचा निरोप घेत माझ्यापर्यंत आल्या आणि बहिऱ्या माणसाला असतो तसल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सत्तेचाळीस आली का हो?"

वीस माणसं आमच्याकडे बघायला लागली. बाईंना जाता जातासुद्धा पाट्यांची काळजी, म्हणून सगळे हसले. मी मानेनेच नाही म्हणालो.

"आली की बघा," बाई म्हणाल्या, आणि अजून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग गेल्या.

उत्तर सत्तेचाळीसवर आहे, हे तेव्हा मला कळलं. मी तिथेच विचारू शकलो असतो. फाटकापर्यंत मागे जाऊन विचारू शकलो असतो. पण मी माझं गणित मांडलं. होकार असता तर तो बाईंनी चौदा महिने पाटीखाली दाबून ठेवला असता का? होकार माणूस सांगून मोकळा होतो. नकार असतो तो असा हळूच लिहून पाठवतात. ज्याने स्वतःचा प्रश्न पाच महिने दाबून ठेवला होता तो हे गणित मांडत होता, हे लक्षात यायला मला तीन वर्षं लागली.

बाई लांबच्या गावी बहिणीकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. एक पाळी बंद झाली, एक पंप बंद झाला. किल्ली आता मी खिळ्याला देतो आणि खिळ्याकडून घेतो. बाईंच्या अक्षरातल्या अकरा पाट्या तेव्हा बाहेर होत्या. मी त्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून लावली होती आणि एकेक आली की खोडत होतो. दीड वर्षात दहा खोडल्या. सत्तेचाळीस राहिली. मला फार एकटं वाटायचं, हे मी आता सांगतो, तेव्हा कुणी विचारलं असतं तर पायाचं दुखणं सांगितलं असतं.

गेल्या मंगळवारी सकाळी नवीन इंजिनियर मॅडम एक खोका घेऊन जोडखोलीत आल्या. त्यांना येऊन वर्ष झालं आहे, वय माझ्या निम्मं, चालणं माझ्या दुप्पट. खोक्यात एक चकती जोडलेली पाटी होती आणि सोबत पत्र. ही चकती लावली तेव्हा तिच्यातली एक जागा जास्त तापत होती, यंत्राने धोक्याची घंटा वाजवली, म्हणून काढून कपाटात ठेवली होती. आता कपाट आवरताना सापडली, तरी दोष काय ते कळवावं.

मी पाटीची कड बघितली. सत्तेचाळीस.

"चार-साडेचार वर्षांचं जुनं प्रकरण," मॅडम म्हणाल्या. "आता काय डोंबल दोष शोधायचा? पाट्याही सगळ्या बदलायच्याच आहेत. टाकून द्या भंगारात, मी दिलगिरीचं पत्र लिहिते."

"नाही," मी म्हणालो.

मॅडम दचकल्या. वर्षभरात माझ्याकडून त्यांनी 'बरं' सोडून दुसरा शब्द ऐकला नव्हता.

"उघडून बघू," मी म्हणालो. "चकती अख्खी आहे. वाचली तर वापरता येईल."

"ठीक आहे, पण आधी सोनोग्राफी करा."

पोटाची करतात तशीच जोडणीची सोनोग्राफी असते. पाटी पाण्याच्या टाकीत पालथी ठेवायची, वरून एक कांडी आवाज सोडत एकेक ओळ पुढे सरकते. जिथे जोडणी पक्की तिथे पडद्यावर काळं, जिथे कच्ची तिथे करडं, जिथे सुटलेली तिथे पांढरं. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. पहिली दहा मिनिटं सगळं काळंभोर. बाईंचं काम, दुसरं काय दिसणार. मग मधोमध काळं जरा करडं झालं, त्यात अचानक एक लांब पांढरी रेघ आली, आणि पुढच्या ओळींमध्ये त्या रेघेला खाली काहीबाही लटकायला लागलं.

"बुडबुडे असे सरळ रेघेत येतात?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग हे काय?"

"अक्षर आहे," मी म्हणालो. "पाठीमागून बघतोय, म्हणून उलटं दिसतंय."

मॅडमनी मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली. मला मान वाकडी करायची गरज नव्हती. शेवटच्या अक्षरापर्यंत शिरोरेघ कधीच न नेणारा माणूस मला एकच माहीत होता. पण बरीचशी अक्षरं अर्धवट होती. मध्यभागी एक शब्द तेवढा पुरता लागला. 'तोंडाने.'

तोंडाने काय?

"कोणी लिहिलंय हे?" मॅडमचा आवाज चढला. "जोडणीच्या आत? तेही मधोमध?"

"उघडू," मी म्हणालो.

अशी चकती उघडायची तर मिनिटाला दोन अंश, त्याहून जास्त नाही. पंचवीसपासून एकशे सत्तरपर्यंत जायला सव्वा तास. तीन वर्षं थांबलेल्या माणसाला सव्वा तास म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण मी तापपट्टीच्या बटणाकडे चारदा हात नेला आणि चारदा मागे घेतला. मॅडम गेल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "कोणाचं अक्षर आहे ते तुम्हाला माहितीये. सांगा."

मी सांगितलं. हात धुण्यापासून सगळं. पंप, टोपी, नळ, मोडका पाय, केकचा तुकडा. असं सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. बावीस वर्षं पुरवून पुरवून केलेल्या गप्पा एकशे दहा अंशांपर्यंतच संपल्या, ह्याचं मला वाईट वाटलं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं नुसते काट्याकडे बघत बसलो.

एकशे सत्तरला मी चकती उचलली नाही. उचलली तर तुटते. तिला अंगठ्यांनी एका बाजूला ढकलायची, बर्फावरून भांडं सरकवावं तशी. ती सरकली. एवढासाही टक् आवाज न होता सरकली. मी ती आधीच तापवून ठेवलेल्या कपाटात ठेवली आणि मग पाटीकडे बघितलं.

सगळीकडे इंडियम चकचकत होतं. कडेला वितळलेलं इंडियम पुसलं तसा माझा प्रश्न दिसला, रेघांत भरलेला, चांदीसारखा, 'कायमच्या'मधल्या वाकड्या कान्यासकट. त्यांनी तो पुसला नव्हता. आणि तिथून आत, पाटीच्या मधोमध, हाताच्या पंजाएवढ्या जागेत उघडं तांबं होतं. बाईंनी तिथे इस्त्री फिरवलीच नव्हती. उघड्या तांब्यावर करड्या अक्षरांत तीन ओळी होत्या.

'येईन.

पण हे मला तोंडाने विचारा.

वाचलं की पुसून टाका.'

पेन्सिलने लिहिलं होतं. सुईने कोरलेलं घासून काढल्याशिवाय जात नाही, म्हणून पेन्सिल. आणि पेन्सिल इस्त्रीने पुसली गेली असती, म्हणून तेवढ्या जागेवर इस्त्री नाही. जिथे इस्त्री नाही तिथे जोडणी नाही. हे चारदा सांगणाऱ्या बाईंनी आयुष्यात एकदाच जोडणी कच्ची ठेवली, माझं उत्तर पुसलं जाऊ नये म्हणून. कडेला ठेवली असती तरी खपून गेली असती. पण कडेला माझा प्रश्न होता, आणि त्यांना बहुतेक मोठ्या अक्षरात लिहायचं होतं. तीच जागा तापली, तिनेच घंटा वाजवली, आणि पाटी कपाटात जाऊन पडली.

चौदा महिने त्या रोज दोन मिनिटं दाराशी उभ्या राहत होत्या. मी हातमोजे चढवत होतो. मला स्वतःची इतकी चीड आली की पाटी अजून गरम आहे हे विसरून मी तिच्यावर हात टेकला. हातमोजा होता म्हणून थोडक्यात निभावलं.

मॅडमनी तीनही ओळी वाचल्या आणि वही काढली. मग म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला दोषाचं कारण काय कळवू?"

"पेन्सिल म्हणून कळवा."

"बरं." त्यांनी लिहून घेतलं. "आणि तुम्ही विचारलंत का? तोंडाने?"

"आत्ता तर वाचलं."

"मग आता काय पाटीवर लिहिणार आहात?"

मी उठलो.

बाईंचा नंबर हजेरीच्या कारकुनाकडे होता. तो म्हणाला, लिहून घ्या. मी म्हणालो, लिहून नको, लावून द्या. घरी जाऊन लावेन म्हटलं असतं तर तो कागद आजही खिशात असता. कारकुनाने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि समोरच बसून राहिला. मागच्या बाकावर पॅकिंगमधल्या दोघी रजेचा अर्ज घेऊन बसल्या होत्या. सहा-सात वेळा घंटी वाजली.

"कोण?"

"मी. डिंक. जोडखोलीतला."

पलीकडून बाई म्हणाल्या, "सत्तेचाळीस आली?"

"आज आली."

"उघडलीत?"

"हो."

"चकती तडकली नाही ना?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. दाराशी उभ्या राहायच्या तशाच गप्प.

कारकुनाकडे पाठ करून, तोंडाशी हात धरून मी विचारलं.

"काय? ऐकू नाही आलं."

मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"अहो, नीट बोला की!"

"माझ्याकडे राहायला याल का?" मी ओरडलो. "कायमच्या!"

कारकुनाचं पेन थांबलं. पॅकिंगमधल्या दोघींचं कुजबुजणं बंद झालं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी चालता चालता उभं राहिलं.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "कानात मशीन घातलंय मी आता."

"मग ओरडायला का लावलंत?"

"बावीस वर्षांत तुमचा आवाज धड कुठे ऐकला होता."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"तेव्हा आले असते हो," बाई म्हणाल्या. "दोन पेट्या भरून ठेवल्या होत्या. निरोपाच्या दिवशीसुद्धा तशाच भरलेल्या होत्या. आता नाही जमायचं. बहीण अंथरुणाला खिळली आहे, दोन वर्षं झाली. कुशीवर वळायलाही तिला मी लागते. तिला टाकून मी कुठे येऊ?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बंद पडलेल्या पंपाबद्दल सांगायच्या तसं सांगत होत्या. फोन ठेवायची वेळ झाली होती, आणि नेहमीप्रमाणे मी 'बरं' म्हणणार होतो. तो शब्द ओठांवर आलाही होता.

"मग मी येऊ का?" मी म्हणालो.

"कशाला?"

हे मी ठरवलं नव्हतं. "नळबिळ गळत असेल तर बघायला."

"तुम्हाला नळ दुरुस्त करता येतो?"

"नाही."

बाई हसल्या. बावीस वर्षं मी त्यांना फडक्याच्या वरून फक्त डोळ्यांनी हसताना बघितलं होतं. त्यांचं हसणं कानाने मी पहिल्यांदा ऐकलं.

"रविवारी या," त्या म्हणाल्या. "निघताना फोन करा. लिहू नका."